मेल्यानंतरचं गाव

सरांची आणि माझी ओळख आयसीयूच्या दाराबाहेर झाली. त्यांची आई आमच्याकडे दहा दिवस होती. बाकीचे नातेवाईक बाकावर मोबाईल बघत बसायचे, हे गृहस्थ वहीत राक्षस काढत बसायचे. शिंगं, खवले, एकेका दाताची सावलीसुद्धा. सातव्या दिवशी मी न राहवून विचारलं, "हे काय चाललंय?" तर म्हणाले, "सिस्टर, रविवारचा खेळ बुडालाय. निदान पुढची तयारी तरी करून ठेवतो." आई बरी होऊन घरी गेली. महिन्याभराने ते पेढे द्यायला आले आणि जाताना म्हणाले, एकदा खेळायला या.

ते चित्रकलेचे शिक्षक. केडगावला त्यांच्या घराच्या वरच्या मजल्यावर दर रविवारी दुपारी हा खेळ चालतो. त्यात पट नाही, कॉम्प्युटर नाही. एकाने गोष्ट सांगायची, तो सूत्रधार. बाकीच्यांनी त्या गोष्टीतलं एकेक माणूस व्हायचं आणि त्या माणसाच्या तोंडून बोलायचं, त्याच्या डोक्याने ठरवायचं. अडलं की वीस बाजूंचा फासा टाकायचा, आकडा जितका मोठा तितकं नशीब बरं. राज्य कल्पनेतलं, जंगलं, जादू, राक्षस सगळं कल्पनेतलं. सूत्रधार अर्थातच सर. खेळणारे आम्ही तिघं. एक वकीलबाई, जिल्हा न्यायालयात प्रॅक्टिस करणारी, तिशीची, खेळात तलवार चालवणारी सरदारीण. दुसरे भाई, गाद्यांचं दुकान असलेले, पन्नाशीचे, पाच वेळा नमाज पढणारे, खेळात मात्र चोर. आणि तिसरी मी. अठरा वर्षं आयसीयूत काढलेली बाई दुसरं काय होणार? मी वैदीण झाले.

माझ्या वैदिणीने एक शपथ घेतलेली होती. माझ्या डोळ्यांदेखत कुणाला सहजासहजी मरू देणार नाही. खऱ्या ड्यूटीवर अशी शपथ घेतली असती तर आठवड्यात नोकरी सुटली असती. तिथे फॉर्म भरायचे असतात, डॉक्टरांची वाट बघायची असते, नातेवाइकांशी मऊ बोलायचं असतं. वैदिणीला यातलं काहीच नव्हतं. ती राजालासुद्धा बाजूला सरक म्हणायची.

पहिली तीन वर्षं खेळात एक नियम पक्का होता. मेलं की मेलं. ज्या कागदावर आपल्या माणसाचं बळ, हत्यारं, स्वभाव लिहिलेला असतो, तो कागद फाडायचा आणि पुढच्या रविवारी नवा माणूस घेऊन यायचं. या नियमाचा धाक असा होता की एकदा आम्ही एक आख्खी दुपार एका दोराच्या पुलासमोर घालवली. पूल ओलांडायचा की नाही. भाईंचा चोर म्हणत होता, "मी आधी जातो, माझं वजन कमी हाय," आणि जागचा हलत नव्हता. लढाईआधी सरदारिणीने मृत्युपत्र केलं, आणि वकीलबाईने ते खरोखर कलमं पाडून लिहून आणलं. घोडा कुणाला, ढाल कुणाला, आणि आईला निरोप काय. तो निरोप वाचताना तिचा आवाज फुटला. आम्ही सगळे टेबलाकडे बघत बसलो. नंतर सरांच्या बायकोने पोहे आणले तेव्हा कुठे आम्ही भानावर आलो.

त्या भीतीमुळे ही माणसं खरी झाली होती. चोर भित्रा होता, म्हणून त्याने एकदा धीर धरला तेव्हा तो धीर दिसला. सरदारीण कुणाला जीव लावायला घाबरायची, कारण मागच्या लढाईत तिचा भाऊ गेला होता. हे सगळं खोटं आहे हे आम्हाला माहीत होतं. पण रविवारी दुपारी दोन ते पाच ते खोटं नसायचं.

मग माझे पप्पा गेले.

पप्पा प्राथमिक शाळेतले निवृत्त शिक्षक, श्रीरामपूरला राहायचे. न्यूमोनिया झाला, तिथल्याच दवाखान्यात होते, आणि मी इथून ये-जा करत होते. दफनाच्या दिवशी घर माणसांनी भरलं. मला रडायचं होतं. मी अठरा वर्षं दुसऱ्यांच्या बापांसाठी कोरड्या डोळ्यांनी उभी राहिलेली बाई, मला एकदा माझ्या बापासाठी मोठ्याने रडायचं होतं. आत्याने माझा दंड धरला आणि म्हणाली, "गप. ते चांगल्या ठिकाणी गेलेत. रडणं म्हणजे अविश्वास." चर्चच्या मंडळीतल्या एक बाई म्हणाल्या, "आनंद मान बाई, प्रभूपाशी सुखात आहेत." एकामागून एक प्रत्येक जण तेच म्हणत होता. जणू पप्पांची बदली झाली होती आणि मी पेढे वाटायला हवे होते.

मी विश्वास ठेवणारी आहे, हे इथे सांगायला हवं. लहानपणापासून दर रविवारी उपासनेला गेले आहे, स्वर्गाची गाणी तोंडपाठ आहेत. पण विश्वास ठेवणं म्हणजे बघून येणं नव्हे. त्या दोन्हींच्या मधे जागा असते, आणि माणूस त्या जागेत रडतो. आत्याने ती जागाच बंद करून टाकली. मी गप्प बसले. तो राग आत राहिला तो राहिलाच.

चार रविवार मी खेळाला गेले नाही. पाचव्या रविवारी गेले तेव्हा सरांनी खेळ सुरू व्हायच्या आधी मला चहा दिला आणि विचारलं, "पप्पा कसे होते?" इतक्या दिवसांत हे कुणी विचारलं नव्हतं. मी भडाभडा बोलले. पप्पा बाराही महिने छत्री बाळगायचे, उन्हातही उघडायचे. लग्नपत्रिका आली की आधी लाल पेनाने शुद्धलेखन तपासायचे, मग तारीख बघायचे. त्यांना काहीही सांगायला लागलं की मान तिरकी करून म्हणायचे, "हं, पुढं?" सर ऐकत होते. मला वाटलं, किती चांगला माणूस आहे.

दोन-तीन आठवड्यांनी खेळात भाईंचा चोर मेला. बंधाऱ्याचं दार अडकलं होतं, खालच्या गावात पाणी शिरणार होतं, आणि दार उघडायला कुणीतरी पाण्यात उतरणं भाग होतं. चोर उतरला. फासा वाईट पडला. वैदिणीने म्हणजे मी त्याचा हात धरून ठेवला होता. दुसरा फासा पडला आणि तो हात सुटला. भाईंनी चष्मा काढून पुसला. मग चोराचा कागद उचलला, फाडायला.

"थांबा," सर म्हणाले. "आज फाडू नका."

आणि त्यांनी सांगायला सुरुवात केली. चोर डोळे उघडतो. कोरडा आहे. समोर एक गाव आहे, हिरवं, स्वच्छ, कुठे दुखत नाही, कुणाला भूक नाही. त्याची मेलेली आई दारात उभी आहे. सरदारिणीचा भाऊ तिथे आहे, मागच्या तीन वर्षांत मेलेला प्रत्येक जण तिथे आहे. आणि वैदिणीने हात धरलेला होता म्हणून तिलाही, तिच्या बरोबरच्यांनाही हे सगळं दिसतं आहे. वकीलबाई रडायला लागली. भाई हसत होते. सर पुढे म्हणाले, "गावाच्या पारावर एक म्हातारे गृहस्थ बसलेत. भर उन्हात छत्री उघडून. चोर त्यांना आपली हकीकत सांगायला लागतो. ते मान तिरकी करतात आणि म्हणतात, हं, पुढं?"

क्षणभर मला कळलंच नाही. मग कान तापले. सर माझ्याकडे बघत होते, आपण दिलेली भेट समोरचा उघडताना बघावं तसं. मी उठले. पाणी प्यायले, पर्स उचलली, स्कूटरवरून घरी आले. तेव्हाच बोलायला हवं होतं, पण मला ती सवय नाही. ड्यूटीने ती मोडून काढली आहे.

त्यानंतरच्या काही रविवारांत खेळाचं काय झालं ते मी डोळ्यांनी पाहिलं. सरदारीण तीस माणसांवर एकटी धावून गेली. मी म्हटलं, "थांब, आडोसा घे." ती म्हणाली, "मेले तर भावाला भेटेन, त्यात काय?" तेच शब्द ती आधी म्हणाली असती तर अंगावर काटा आला असता. आता ती फासे टाकता टाकता शेंगदाणे खात होती. भाईंनी नवा माणूस घेतला, एक पहारेकरी, आणि तिसऱ्याच आठवड्यात त्याला मुद्दाम कड्यावरून उडी मारायला लावली, कारण त्यांना चोराला भेटायचं होतं. सगळे हसले. कुणी कुणाला वाचवत नव्हतं. वैदिणीच्या झोळीतल्या औषधांकडे कुणी बघेना. मी कुणाची जखम बांधायला गेले की सर सौम्यपणे म्हणायचे, "बांधा, पण त्याला तशी घाई नाही."

मग तापाचं गाव आलं. खेळातल्या एका गावात साथ आली होती. चाळीस माणसं आजारी, औषध कमी. जंगलात जाऊन मुळी आणली तर पुरं पडलं असतं, पण वाटेत दोन दिवस मोडणार होते. मी म्हटलं, जाऊ या. वकीलबाईने घड्याळ बघितलं. आम्हाला पुढे राजधानी गाठायची होती. ती म्हणाली, "जाऊ दे ना सिस्टर. इथं तळमळण्यापेक्षा सुटतील बिचारी. तिकडे सगळं बरंच आहे."

हे वाक्य मी त्याच आठवड्यात ऐकलं होतं. आयसीयूत एका म्हातारीला तिच्या घरच्यांनी घरी न्यायचं ठरवलं होतं. म्हातारी सुधारत होती. चार-पाच दिवस हवे होते, जास्त नाही. डॉक्टरांनी सांगितलं, मीही सांगितलं. थोरला मुलगा शांतपणे म्हणाला, "लई हाल झाले तिचे. आता सुटंल. देवाघरी सुखात ऱ्हाईल." त्याने सही केली. जाताना म्हातारीने माझी बाही धरली होती. तिला कुठेही जायचं नव्हतं. मी तिची बोटं एकेक करून सोडवली आणि मुलाशी मऊ बोलले.

टेबलावर मी मऊ बोलले नाही. मी उभी राहिले. म्हणाले, "बरं आहे म्हणजे? कोण म्हणतं बरं आहे? चाळीस माणसं आहेत. त्यांना कुणी विचारलं का?"

"सिस्टर, खेळ आहे," वकीलबाई चमकून म्हणाली.

"पूल ओलांडताना खेळ नव्हता. तुझं मृत्युपत्र खेळ नव्हतं. आता कुठून खेळ झाला?" मग मी सरांकडे वळले. "तुम्ही हे गाव दाखवलंत आणि या सगळ्यांना निर्दय करून टाकलंत. यांच्यात आता एकही माणूस उरलेला नाही. नुसते प्रवासी आहेत, गाडीची वाट बघणारे."

भाई सावकाश म्हणाले, "सिस्टरचं खरं हाय. आमच्यातपण सांगितलंय पुढं काय हाय ते. मी मानतो. म्हणून काय मी रस्ता न बघता वलांडतो? मानणं येगळं, बघून येणं येगळं." त्यांनी माझ्याच मनातलं माझ्यापेक्षा सोप्या शब्दांत सांगितलं, याचाही मला त्या क्षणी राग आला.

सर खाली बघत म्हणाले, "मी ते तुमच्यासाठी केलं होतं, सिस्टर. तुम्हाला बरं वाटावं म्हणून."

"मी मागितलं होतं?"

त्यांनी समोरचे फासे गोळा केले.

"मी तुम्हाला चहा पिताना माझा बाप सांगितला. तुम्ही तो उचलून पारावर नेऊन बसवलात. न विचारता. त्यांना तिथे काय बोलायचं, किती हसायचं, हे आता तुम्ही ठरवणार. माझ्या आत्याने निदान नुसतं सांगितलं, ते सुखात आहेत. तुम्ही तर दाखवायला निघालात."

मी निघून आले. तीन रविवार गेले नाही. सरांचे दोन मेसेज आले, ते मी उघडले नाहीत. नवरा म्हणाला, "एका खेळावरून एवढं?" चौथ्या आठवड्यात भाईंचा फोन आला. म्हणाले, "आमी तिघं नुसतेच बसतो. सर काई सुरूच करत न्हाईत. तुमी या. भांडायला या पाहिजे तर, पण या."

मी भांडायलाच गेले. बसल्या बसल्या म्हटलं, "वैदिणीला त्या गावात जायचंय. चोराचा हात धरला होता म्हणून दिसलं, तर आता पुन्हा बघायचंय. पारावरच्या म्हाताऱ्याशी बोलायचंय."

सरांनी पेन्सिल उचलली. मग मान हलवली. वैदीण पारापाशी पोचली. छत्री उघडी होती.

"मी तुमची मुलगी," मी म्हटलं. वैदिणीच्या आवाजात नाही, माझ्या. "तुम्ही जायच्या आदल्या दिवशी दवाखान्यात मला शेवटचं काय म्हणालात?"

हे मी कुणालाही सांगितलेलं नव्हतं. नवऱ्यालाही नाही. सर काहीही रचू शकले असते. गोड काहीतरी, देवाचं काहीतरी. तीन वर्षं या माणसाने राक्षसांच्या तोंडीसुद्धा बरोबर वाक्य घातलं होतं. खालच्या रस्त्यावर भाजीवाल्याची गाडी ओरडत गेली. सरांनी हातातली पेन्सिल खाली ठेवली.

"मला माहीत नाही," ते म्हणाले. म्हाताऱ्याच्या आवाजात नाही, स्वतःच्या.

"तर मग ते माझे पप्पा नाहीत."

"नाहीत," सर म्हणाले. "माझी चूक झाली."

मग मी त्यांना सांगितलं. पप्पा म्हणाले होते, "पाच वाजून गेले. एसटी चुकेल. नीघ." त्यांचा श्वास कसा चालला होता हे मला दिसत होतं. मी नर्स आहे, तो श्वास मी शेकडो वेळा ऐकला आहे. तरी मी निघाले. कारण सकाळची ड्यूटी होती, आणि कारण त्यांनी नीघ म्हटलं. राहुरीच्या आसपास गाडी पंक्चर होऊन अर्धा तास थांबली, तेव्हाही मी मागे फिरले नाही. पहाटे फोन आला. कुणी मला सुखाच्या गावाबद्दल सांगतं तेव्हा मला ते नको असतं. मला ती एसटी हवी असते, आणि तिच्यातून उतरायचं असतं. ते कुणाच्याही हातात नाही, म्हणून माझा जीव जळतो. बोलताना मी रडले, मोठ्याने, आणि त्या खोलीत कुणी माझा दंड धरला नाही. वकीलबाई खुर्ची सरकवून शेजारी येऊन बसली, बस्स. सरांची बायको दारात आली होती, ती तशीच परत गेली.

बऱ्याच वेळाने वकीलबाई म्हणाली, "एक मुद्दा आहे. म्हातारे खरे नसतील, तर आपण जे गाव पाहिलं ते तरी खरं कशावरून? जादू असेल. भास असेल. साक्षीदार एका गोष्टीत खोटा ठरला की बाकीची साक्षही तपासावी लागते." आम्ही सगळ्यांनी सरांकडे पाहिलं. ते म्हणाले, "मी यावर काही सांगणार नाही. हो पण नाही, नाही पण नाही." तो निर्णय त्यांनी आजतागायत पाळला आहे. भाई नाराज झाले, त्यांचा चोर तिथे मजेत होता. ते म्हणाले, "मी तर मानणार, तो हाय तिथं." मी म्हटलं, "माना ना. तेच तर म्हणतेय मी."

सरांनी माफी मागितली आणि मी ती घेतली. पण पूर्वीसारखं झालं असं मी म्हणणार नाही. खेळाआधीचा चहा मी आता वकीलबाईशी बोलत पिते. सर चांगले आहेत, त्यांनी वाईट हेतूने काहीच केलं नाही, आणि हे माहीत असूनही मधूनच त्यांच्या तोंडाकडे बघताना माझं डोकं सणकतं. चांगल्या हेतूने माझं दुःख पुसायला आलेल्या माणसांचा मला जेवढा राग येतो तेवढा वाईट माणसांचाही येत नाही. आत्याशी मी अजून धड बोललेले नाही.

त्या दुपारी उरलेल्या तासाभरात आम्ही तापाच्या गावात परत गेलो. सरदारीण मुळी आणायला जंगलात निघाली, आणि निघण्याआधी तिने विचारलं, वाटेत वाघ किती. भाईंचा नवा माणूस, एक कुंभार, पाणी उकळायला बसला. मी घरोघरी फिरत होते. तिसऱ्या घरात एक बाई होती. फासा तीन पडला. ती गेली.

सर म्हणाले, "वैदीण काय म्हणते?"

"काही म्हणत नाही," मी म्हटलं. "तिच्या मुलीला रडू देते. मग चौथ्या घरात जाते."